रायपूरच्या डॉक्टर राधाबाई

छत्तीसगढ राज्याची राजधानी असलेल्या रायपूर शहरात मुलींचे एक शासकीय महाविद्यालय आहे. त्याला डॉ. राधाबाई यांचे नाव देण्यात आले आहे. दरवर्षी अनेक मुली तेथे प्रवेश घेतात, परीक्षेला बसतात आणि पदवी मिळवून बाहेर पडतात. ज्यांच्या नावाची पाटी त्या महाविद्यालयावर आहे, त्या राधाबाईंना मात्र कोणत्याही विद्यापीठाने पदवी दिलेली नव्हती. त्यांच्या नावाआधी लागलेली डॉक्टर ही उपाधी रायपूरच्या लोकांनी त्यांना बहाल केली होती. त्या रायपूर नगरपालिकेत दाई, म्हणजे आपण मराठीत जिला सुईण म्हणतो, त्या होत्या.

आज आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका, प्रसाविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेतील आपत्कालीन सहायक असे अनेक जण काम करतात. त्यांच्यासाठी ठरावीक अभ्यासक्रम असतात, लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा असतात आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नोंदणीही करावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे अशाच परीक्षेला बसणार असतील. कोणी दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करत असेल, कोणी घरसंसार सांभाळून अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. शरीरातील हाडांची नावे आणि औषधांची मात्रा पाठ करताना, हे सारे कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात कधी तरी उभा राहत असेल. राधाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

राधाबाईंचा जन्म 1875 च्या सुमारास नागपूर येथे झाला. नागपूर त्या वेळी ब्रिटिशांच्या मध्य प्रांताची राजधानी होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे अवघ्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्यांना वैधव्य आले. बालविधवेचे जीवन त्या काळी अत्यंत खडतर असे. तिचे दर्शन अपशकुनी मानले जाई. सणसमारंभात तिला स्थान नसे. घरातील कष्टाची कामे करावीत, मिळेल ते अन्न खावे आणि नशिबाला दोष देत आयुष्य कंठावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. शिक्षणाचा तर प्रश्नच उद्भवत नसे.

याच काळात महाराष्ट्रात स्त्रियांच्या शिक्षणाची पहाट होत होती. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. रखमाबाईंनी इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले व 1894 मध्ये त्यांना वैद्यकीय व्यवसायाची अर्हता प्राप्त झाली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रमाची स्थापना केली. पुढे 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि तेथून अनेक स्त्रिया परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परंतु या संस्था थोड्या होत्या आणि गरजू स्त्रिया असंख्य होत्या. ज्यांच्यामागे ना घर होते, ना पैसा, ना इंग्रजीचे ज्ञान, अशा बहुसंख्य स्त्रियांना आपली वाट आपणच शोधावी लागली. राधाबाई त्यांपैकी एक होत्या.

राधाबाईंना आधार मिळाला तो शेजारच्या घरातून. त्या शेजारणीकडे राहू लागल्या आणि तेथे त्यांना एक जिवलग मैत्रीण लाभली. या मैत्रिणीच्या सहवासात त्या दोन गोष्टी शिकल्या. एक म्हणजे हिंदी भाषा आणि दुसरी म्हणजे सुईणीचे काम. पुढे ती मैत्रीण वारली. तिच्या मुलांनी मात्र राधाबाईंशी जडलेले नाते अखेरपर्यंत जपले. वर्ग नाही, फळा नाही, वेळापत्रक नाही, अशा स्थितीत त्या शिकल्या. डोळ्यांनी पाहावे, हातांनी करून पाहावे, चुकले तर पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा होती. परक्या भाषेत शिकणे किती जड जाते, याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना राधाबाईंच्या या धडपडीचे मोल सहज कळेल. पुढे ज्या शहरात त्यांना आयुष्य काढायचे होते, तेथे हीच भाषा त्यांच्या उपयोगी पडणार होती.

सुईणीचे काम त्या काळी किती जोखमीचे होते, हे आज समजून घेतले पाहिजे. बहुतेक बाळंतपणे घरातच होत. त्यासाठी घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली निवडली जाई. खिडक्या बंद असत आणि आत शेगडी धुमसत असे. जुनीपुराणी वस्त्रे अंथरूण म्हणून वापरली जात, कारण बाळंतिणीला विटाळ असल्याने ती पुढे टाकून द्यायची असत. नाळ कापण्यासाठी विळा, कोयता किंवा बांबूची धारदार चिपाटी हाती लागेल ती घेतली जाई. या अस्वच्छतेतून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत आणि जन्मानंतर आठवड्याभरातच बाळ आचके देऊन दगावे. लोक त्याला नजर लागणे किंवा बाहेरची बाधा मानत. बाळंतिणीला ताप भरे आणि काही दिवसांत तीही जगाचा निरोप घेई. या तापाला बाळंतज्वर म्हणत.

या मृत्यूंचे कारण विज्ञानाला अज्ञात राहिलेले नव्हते. व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी 1847 मध्येच दाखवून दिले होते, की प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी आपले हात जंतुनाशक द्रावणाने नीट धुतले तर बाळंतज्वराने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात. परंतु हे ज्ञान भारतातील खेड्यापाड्यांतील अंधाऱ्या खोलीपर्यंत पोहोचण्यास अनेक दशके लागली. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने एक निधी स्थापन झाला. त्यातून स्त्रियांसाठी दवाखाने निघाले व स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी यांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. 1903 मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड सुरू झाला. परंपरेने सुईणपण करणाऱ्या स्त्रियांना स्वच्छ प्रसूतीचे प्रशिक्षण देणे, हा त्याचा उद्देश होता. हात साबणाने धुणे, कात्री उकळून घेणे, नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधणे, अडलेली बाई वेळीच दवाखान्यात पाठवणे, असे साधे परंतु प्राण वाचवणारे धडे अशा प्रशिक्षणातून दिले जात. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना ते तोंडी सांगावे लागत आणि हाताने करून दाखवावे लागत.

या प्रयत्नांच्या मार्गात सर्वांत मोठी अडचण होती ती लोकांच्या मनातील अविश्वासाची. अनोळखी बाईला बाळंतिणीच्या खोलीत कोण येऊ देणार? पुरुष डॉक्टर तर उंबरठ्याबाहेरच थांबे. पडद्याची चाल पाळणाऱ्या घरांत त्याला नाडी पाहणेही दुरापास्त होई. घरातील वृद्ध स्त्रियांचा जुन्या रीतीवर दृढ विश्वास असे. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत खरे राज्य चाले ते सुईणीचे. तिच्या हातांवर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असे. आणि तरीही समाज तिच्या कामाला हीन लेखत असे. रक्ताला आणि वारेला शिवणारी म्हणून तिचा विटाळ मानला जाई. अनेक ठिकाणी हे काम अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांकडेच सोपवलेले होते. जिच्यावाचून घराचे चालत नाही, तिलाच दाराबाहेर उभे करायचे, अशी ही विपरीत रीत होती.

1918 मध्ये राधाबाई रायपूरला आल्या. नागपूरहून रायपूर रेल्वेने सुमारे 300 किलोमीटर अंतरावर आहे. या दोन शहरांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि तो 1854 मध्ये संपला. त्यामुळे रायपूर, बिलासपूर या भागांत अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेली होती. असे असले तरी शहरातील सामान्य जनांची बोली छत्तीसगढी होती आणि कारभार हिंदीतून चाले. वयाच्या चाळिशीनंतर, एकट्या स्त्रीने, आपले गाव सोडून या नव्या शहरात पाऊल ठेवले. नगरपालिकेत दाईचे काम त्यांनी स्वीकारले.

ते वर्षही साधे नव्हते. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची जगद्व्यापी साथ भारतात पसरली. महाराष्ट्रात लोक तिला मानमोडी म्हणत. या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मध्य प्रांताची गणना होते. गर्भवती स्त्रियांना या आजाराचा धोका विशेष होता. अशा काळात राधाबाईंनी रायपुरात आपल्या सेवेला आरंभ केला.

नगरपालिकेची दाई म्हणजे कोणा एका घराची सुईण नव्हे. ज्या घरातून बोलावणे येईल तेथे जायचे. तेथे श्रीमंत-गरीब, हिंदू-मुसलमान, उच्च-नीच असा भेद पाहायचा नाही. बाळंतपणाला रात्र-दिवस नसतो आणि पाऊस-थंडीही नसते. राधाबाईंनी हे काम अत्यंत निष्ठेने व ममतेने केले. प्रत्येक नवे घर त्यांच्यासाठी एक परीक्षाच होते. या परीक्षेची तारीख आधी कळत नसे, प्रश्नपत्रिका प्रत्येक वेळी निराळी असे आणि परीक्षक म्हणून अस्वस्थ सासू, घाबरलेला नवरा आणि वेदनांनी कासावीस झालेली स्त्री समोर असे. येथे काठावर उत्तीर्ण होण्याची सोय नव्हती. पूर्वी पाहिलेले आणि केलेले सारे ऐन वेळी आठवावे लागे आणि मन शांत ठेवून हात चालवावे लागत.

हळूहळू रायपूरची घरे राधाबाईंना ओळखू लागली. त्यांनी सोडवलेल्या बाळंतिणी दुसऱ्या खेपेस त्यांनाच बोलावू लागल्या. शहरातील कितीतरी कुटुंबांना त्या आईसारख्या वाटू लागल्या. त्यांच्या सेवेची दखल घेऊन नगरपालिकेने त्यांच्यासाठी टांग्याची व घोड्याची व्यवस्था केली. एका दाईसाठी अशी सोय होणे, ही त्या काळी सामान्य बाब नव्हती. आणि मग लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले. हा सन्मान कोणी समारंभ करून दिला नाही. तो लोकांच्या बोलण्यात रुळला आणि मग त्यांच्या नावाचाच भाग होऊन गेला.

राधाबाईंना हा सन्मान पदवीविना मिळाला, यावरून पदवीला आणि परीक्षेला काही अर्थ नाही, असे मात्र समजू नये. हे स्पष्ट होण्यासाठी त्याच रायपूरच्या आणखी एका थोर व्यक्तीकडे पाहू. डॉ. खूबचंद बघेल यांचा जन्म 1900 मध्ये रायपूर जिल्ह्यातील पथरी या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. रायपूरचे शालेय शिक्षण संपवून ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाले. त्या काळी अशा शाळांतून एल. एम. पी. ही परीक्षा देता येत असे. ती उत्तीर्ण होणाऱ्याला वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळे. विद्यापीठाच्या पदवीपेक्षा हा अभ्यासक्रम छोटा होता, परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी दवाखाने बहुतांशी अशाच डॉक्टरांच्या भरवशावर चालत असत.

डिसेंबर 1920 मध्ये नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तरुण खूबचंद तेथे वैद्यकीय पथकात स्वयंसेवक म्हणून सेवा करत होते. असहकाराच्या चळवळीने भारावून त्यांनी शिक्षण सोडले आणि ते गावोगाव प्रचार करत फिरू लागले. पुढे वडिलांनी त्यांची समजूत घातली. अर्ध्यावर सोडलेल्या अभ्यासाकडे परत वळणे सोपे नसते. बरोबरीचे पुढे गेलेले असतात, वाचलेले विसरलेले असते आणि मन दुसरीकडे ओढ घेत असते. तरीही ते नागपूरला परतले, अभ्यासाला बसले आणि एल. एम. पी. परीक्षा उत्तीर्ण झाले. सरकारी सेवेत त्यांची डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. पुढे स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी या नोकरीचाही त्याग केला. नोकरी त्यांनी सोडली, परंतु परीक्षेतून मिळालेले ज्ञान त्यांच्यापाशीच राहिले.

एका शहरातील या दोन डॉक्टरांपैकी एकाला परीक्षा देता आली आणि दुसरीला ती संधीच लाभली नाही. राधाबाई नागपुरात लहानाच्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्यासारख्या बालविधवेसाठी परीक्षेच्या दालनात बाक मांडलेला नव्हता. म्हणून लोकांचा विश्वास त्यांना एकेका घरी जाऊन, एकेका बाळंतपणातून मिळवावा लागला. त्यासाठी वर्षे खर्ची पडली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी काही विश्वास आयता मिळतो, कारण त्याच्या ज्ञानाची कोणीतरी आधीच कसोटी घेतलेली असते. परीक्षेचा खरा उपयोग हाच आहे. अनोळखी घराने अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव सोपवावा, यासाठी प्रमाणपत्र असते.

माणसाच्या शरीराला स्पर्श करण्याचे काम ज्याने मनापासून स्वीकारले, त्याला स्पर्शास्पर्शाचे बंधन फार काळ मान्य होत नाही. राधाबाईंच्या बाबतीत असेच घडले. 1920 मध्ये महात्मा गांधी रायपूरला आले. त्यांच्या विचारांचा राधाबाईंवर खोल परिणाम झाला. शहर स्वच्छ ठेवणाऱ्या सफाई कामगारांच्या वस्तीत त्या जाऊ लागल्या. सवर्ण समाज ज्या वस्तीकडे पाहण्यासही तयार नव्हता, तेथील मुलांना त्या स्वतः आंघोळ घालत आणि लिहायला-वाचायला शिकवत. हे काम वरवर साधे दिसते. परंतु अस्वच्छतेमुळे होणारी खरूज, डोळ्यांचे विकार, हगवण यांपासून मुलांना वाचवण्याचा तोच पहिला उपाय होता. त्याचबरोबर सुईणीच्या त्याच हातांनी अस्पृश्य मानलेल्या मुलाला न्हाऊ घातल्याने सबंध शहराला एक धडा मिळत होता. कारण या हातांना सवर्णांच्या घरातही मज्जाव नव्हता. गांधीजींनी नोव्हेंबर 1933 मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी छत्तीसगढचा दौरा केला, त्याच्या कितीतरी आधी राधाबाईंनी हे कार्य हाती घेतले होते.

दाई म्हणून राधाबाईंना घराच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत प्रवेश होता. तेथील स्त्रियांची सुखदुःखे त्या जवळून पाहत. पडद्याआड कोंडलेले आयुष्य, अशिक्षितपणा, वारंवार येणारी बाळंतपणे आणि अकाली मरण हे सारे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी स्त्रियांना घराबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. चरखा शिकवण्याच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र येऊ लागल्या. सूत काततानाच देशात काय चालले आहे याची चर्चा होई. पडदा हळूहळू दूर होऊ लागला. कोणी प्रचारक बाहेरून येऊन हे सांगता, तर घरच्या पुरुषांनी ते कदाचित मानले नसते. परंतु ज्या राधाबाईंनी आपल्या सुनेचे आणि नातवाचे प्राण वाचवले, त्यांच्याबरोबर सुनेला पाठवण्यास नकार तरी कसा द्यावा?

1930 मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. तेव्हापासून 1942 च्या भारत छोडो आंदोलनापर्यंत राधाबाई प्रत्येक सत्याग्रहात सहभागी झाल्या. प्रभातफेऱ्या काढणे, विदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शने करणे, स्वदेशीचा प्रचार करणे या कार्यक्रमांत रायपूरच्या स्त्रिया त्यांच्या सोबतीने पुढे आल्या. डॉ. खूबचंद बघेल यांच्या मातोश्री केतकीबाई आणि पत्नी राजकुंवर, तसेच फुलकुंवरबाई या त्यांच्या सहकारी होत्या. वयाने अगदी लहान असलेल्या रोहिणीबाई परगनिहा यांनीही या चळवळीत भाग घेतला. राधाबाईंना अनेकदा तुरुंगवास भोगावा लागला. चळवळीच्या आरंभीच त्यांचे वय पंचावन्नच्या घरात होते. या वयात तुरुंगातील जमिनीवर झोपणे आणि तेथील अन्न खाणे त्यांनी निमूटपणे सोसले.

छत्तीसगढच्या काही भागांत किसबिन नाचाची प्रथा होती. काही कुटुंबांतील स्त्रियांना सणासमारंभात धनिकांसमोर नाचावे लागे. त्यांचे शोषण होत असे आणि आईच्या वाट्याला आलेले हे जिणे मुलीच्याही वाट्याला येत असे. डॉ. खूबचंद बघेल आणि राधाबाई यांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. नाच बंद करा, एवढे सांगून राधाबाई थांबल्या नाहीत. त्या कुटुंबांना पोट भरण्याचे दुसरे साधन मिळाले पाहिजे, याची त्यांना जाण होती. स्वतः कष्ट करून, काम शिकून सन्मानाने जगण्याचा मार्ग त्यांनी आयुष्यात अनुभवला होता. त्यांच्या प्रयत्नांतून खरोरा या गावात ही प्रथा बंद पडली आणि तेथील कुटुंबे अन्य कामधंद्याकडे वळली.

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झालेला राधाबाईंनी पाहिला. 2 जानेवारी 1950 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या 24 दिवसांनी, 26 जानेवारी 1950 रोजी, भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. ज्या वस्तीत राधाबाई मुलांना न्हाऊ घालत होत्या, त्या वस्तीला कायद्याने समतेचा हक्क मिळाला. तो दिवस पाहण्यास मात्र त्या राहिल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. आपले राहते घर त्यांनी अनाथालयासाठी दिले. असंख्य मुलांना जगात आणणाऱ्या राधाबाईंनी शेवटचे दानही आईबापांविना वाढणाऱ्या मुलांसाठीच करावे, हे त्यांच्या जीवनाला साजेसे होते.

राधाबाईंच्या अखेरच्या वर्षांत आणि त्यांच्या पश्चात काळ झपाट्याने बदलला. भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यानुसार एल. एम. पी.सारखे अभ्यासक्रम बंद होत गेले व डॉक्टरांसाठी एकच पदवी निश्चित झाली. परिचारिका व प्रसाविका यांच्या शिक्षणाचा दर्जा देशभर समान राहावा यासाठी 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. 1963 मध्ये रायपूर येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 2000 मध्ये छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि 2012 मध्ये रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यान्वित झाली. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यामुळे तंत्रज्ञ, आपत्कालीन सहायक आदींच्या शिक्षणाला व नोंदणीला देशपातळीवर चौकट मिळाली. आज पदवीशिवाय कोणी स्वतःला वैद्यकीय डॉक्टर म्हणवून घेतले तर तो गुन्हा ठरतो आणि ते योग्यच आहे. राधाबाईंच्या पिढीतील प्रत्येक सुईण राधाबाई नव्हती. अज्ञानामुळे किती माता आणि बालके दगावली, याची तर गणतीच नाही.

म्हणूनच आजच्या विद्यार्थ्याने परीक्षेकडे पाहताना राधाबाईंची आठवण ठेवावी. पुस्तकात हात धुण्याच्या पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात. प्रात्यक्षिक परीक्षेत त्या परीक्षकासमोर करून दाखवाव्या लागतात आणि एक पायरी चुकली तर गुण जातात. विद्यार्थ्याला हा निव्वळ काटेकोरपणा वाटतो. परंतु त्या एकेका पायरीमागे अंधाऱ्या खोलीत ज्वराने तळमळत गेलेल्या कित्येक बाळंतिणी आहेत. जन्मल्याबरोबर बाळ रडले नाही तर काय करावे, रक्तस्राव थांबत नसेल तर आधी कशाकडे लक्ष द्यावे, हा क्रम इतका सरावाचा व्हावा लागतो, की ऐन वेळी विचार करत बसावे लागू नये. पाठांतराचा आणि पुन्हा पुन्हा केलेल्या सरावाचा हेतू हाच असतो. परीक्षेच्या दालनात वाटणारी धडधडही त्या सरावाचाच एक भाग समजावी. पुढे रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्यावर तीच धडधड आवरून काम करायचे असते.

एखाद्या परीक्षेत अपयश आले म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. खूबचंद बघेल अर्ध्यावर सोडलेल्या अभ्यासाकडे परतले. राधाबाईंनी नवी भाषा आणि नवे काम कोणत्याही शाळेचा आधार नसताना आत्मसात केले व चाळिशी ओलांडल्यावर परक्या शहरात नव्याने सुरुवात केली. शिकण्याचे वय निघून गेले, असे त्या दोघांनीही मानले नाही.

आज रायपूरच्या रस्त्यांवर टांगा दिसत नाही. मध्यरात्री एखाद्या घरून बोलावणे आले तर दिवा चमकवत रुग्णवाहिका धावते. तिच्यातून गणवेश घातलेली एखादी तरुण मुलगी हातात पेटी घेऊन उतरते. त्या घराने तिला पूर्वी कधी पाहिलेले नसते. तरीही दार उघडले जाते आणि घरातील माणसे बाजूला होऊन तिला वाट करून देतात. तिच्या ज्ञानाची परीक्षा झालेली आहे, एवढ्याच भरवशावर ते घर तिला आत घेते. तो भरवसा सार्थ ठरवण्याचे काम मात्र त्या रात्री तिला स्वतःच्या हातांनी करावे लागते. राधाबाईंनी रायपूरच्या घराघरांत वर्षानुवर्षे हेच काम केले.